७४७ जहाजे आणि त्यानंतर : रिचमंडच्या युद्धकालीन गोद्यांचा हिशेब

दुसऱ्या महायुद्धात कॅलिफोर्नियातल्या रिचमंड शहरातल्या चार गोद्यांनी ७४७ जहाजे बांधली. १९४१च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठावरच्या त्या जागेत बहुतेक खाजण आणि दलदल होती. १९४६ उजाडेपर्यंत जहाजबांधणी आटोपली होती. मधल्या साधारण साडेचार वर्षांत सरासरी दर सव्वादोन दिवसांना एक समुद्रगामी जहाज तिथून बाहेर पडले.

शहराचे आकडेही पाहू. १९४०च्या जनगणनेत रिचमंडची लोकसंख्या २३,६४२ होती, १९५० मध्ये ९९,५४५ आणि १९६० मध्ये ७१,८५४. म्हणजे दहा वर्षांत शहर चौपटीहून मोठे झाले आणि पुढच्या दहा वर्षांत त्यातला चौथा हिस्सा माणसे निघून गेली.

गोदीची कहाणी सांगताना बहुतेक जण जहाजांचे आकडे सांगून थांबतात. पण जहाजे आणि माणसे हे दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही.

मागणी कुठून आली?

१९४० मध्ये जर्मन पाणबुड्या ब्रिटनची मालवाहू जहाजे ब्रिटिश गोद्यांच्या वेगापेक्षा जास्त वेगाने बुडवत होत्या. २० डिसेंबर १९४० रोजी ब्रिटनने अमेरिकेत ६० जहाजांचे कंत्राट दिले. त्यांपैकी ३० जहाजे अटलांटिक किनाऱ्यावर, मेन राज्यात बांधायची होती आणि ३० प्रशांत किनाऱ्यावर, रिचमंडमध्ये. रिचमंडचे काम टॉड या जुन्या जहाजबांधणी कंपनीने आणि हेन्री कायझर या कंत्राटदाराने भागीदारीत घेतले.

कायझर यांचा हात धरणांच्या आणि रस्त्यांच्या कामावर बसलेला होता. बोल्डर धरण (आजचे हूवर धरण), बॉनेव्हिल आणि ग्रँड कूली या प्रकल्पांत त्यांचा वाटा होता. रिचमंडचे प्रमुख क्ले बेडफर्ड हेही धरणांच्या कामातूनच आलेले. जहाजबांधणीचा अनुभव जवळपास नव्हताच. पण हजारो मजूर, रेल्वेने येणारा माल आणि अवजड क्रेन यांचा मेळ घालायची सवय या माणसांना होती. जागाही सोयीची होती : खोल पाणी जवळ, सदर्न पॅसिफिक आणि सांता फे हे दोन रेल्वेमार्ग दाराशी, मोकळी जमीन भरपूर.

पहिल्या जहाजाची कील, म्हणजे तळाचा कणा, १४ एप्रिल १९४१ रोजी बसवली गेली आणि १६ ऑगस्टला ‘ओशन व्हॅनगार्ड’चे जलावतरण झाले. कीलपासून पाण्यापर्यंत १२४ दिवस लागले. तोवर अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती.

१९४२ या एका वर्षात दोस्त राष्ट्रांची आणि तटस्थ देशांची मिळून १,६६४ जहाजे बुडाली. त्यांचे एकूण टनेज सुमारे ७८ लाख होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या मेरिटाइम कमिशनने ७४६ जहाजे ताब्यात घेतली आणि १९४३ मध्ये हा आकडा १,९००च्या घरात गेला. अटलांटिकची लढाई विनाशिका आणि विमाने लढली तशी ती या बेरीज-वजाबाकीवरही लढली गेली. बुडणाऱ्या जहाजांपेक्षा नव्याने पाण्यात उतरणारी जहाजे जास्त झाली, तेव्हा पाणबुड्यांचा हिशेब चुकला.

‘ओशन’ जहाजांचा मूळ आराखडा ब्रिटिश होता. त्याच आराखड्यातून कॅनडात ‘फोर्ट’ जहाजे आणि अमेरिकेत ‘लिबर्टी’ जहाजे निघाली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोटकांसह उडालेले ‘फोर्ट स्टिकिन’ याच कुळातले, १९४२ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स रूपर्ट बंदरात बांधलेले. युद्धकाळातली घाईची जहाजबांधणी मुंबईकरांच्या स्मृतीत आहे ती अशा भयंकर रूपात.

७४७ची फोड

रिचमंडच्या चार गोद्यांत मिळून जहाजे बांधायच्या २७ जागा होत्या : पहिल्या गोदीत ७ स्लिपवे, दुसरीत १२, तिसरीत ५ सुक्या गोद्या आणि चौथीत ३ स्लिपवे. त्यांतून बाहेर पडलेली जहाजे अशी :

- ब्रिटनसाठी ‘ओशन’ वर्ग : ३०
- लिबर्टी : ४८९
- व्हिक्टरी : १४२
- सी-४ वर्गाची मोठी सैन्यवाहू जहाजे : ३५
- रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारी एलएसटी : १५
- फ्रिगेट : १२
- सी१-एम वर्गाची छोटी मालवाहू जहाजे : २४

एकूण ७४७.

यांपैकी जवळपास दोन तृतीयांश लिबर्टी. संपूर्ण अमेरिकेत २,७१० लिबर्टी जहाजे बांधली गेली. त्यांतली १८ टक्के एकट्या रिचमंडची. लिबर्टीची लांबी सुमारे १३५ मीटर, वेग ११ नॉट, इंजिन २,५०० अश्वशक्तीचे आणि तेही जुन्या पद्धतीचे वाफेचे. असे इंजिन मुद्दाम निवडले होते. आधुनिक टर्बाइन आणि त्यांचे गिअर नौदलाला हवे होते, त्यांचे कारखाने मोजके होते. वाफेचे साधे इंजिन अनेक कारखाने बनवू शकत होते. सनीव्हेलच्या जोशुआ हेंडी कारखान्याने एकट्याने ७५४ इंजिने दिली. अशा एका जहाजात २,८४० जीप किंवा ४४० हलके रणगाडे मावत.

२४४ दिवसांवरून ४२

पहिले लिबर्टी ‘पॅट्रिक हेन्री’ बाल्टिमोरमध्ये २४४ दिवसांत पूर्ण झाले. पुढे देशभरातली सरासरी ४२ दिवसांपर्यंत खाली आली. रिचमंडच्या दुसऱ्या गोदीत ८ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘रॉबर्ट ई. पियरी’ची कील बसली आणि ४ दिवस १५ तास २९ मिनिटांनी जहाज पाण्यात उतरले. हा विक्रम नंतर कोणी मोडला नाही. मात्र त्यामागे सुमारे अडीच लाख सुट्या भागांची मोठमोठ्या तुकड्यांत आधीच केलेली जोडणी होती. विक्रम करण्यासाठी केलेले ते खास काम होते, रोजच्या कामाची चाल नव्हती. म्हणून अभ्यास करायचा तर तो ४२ या आकड्याचा.

हा वेग तीन बदलांमुळे आला.

पहिला बदल जागेचा. पूर्वी जहाज स्लिपवेवर एकेक पत्रा, एकेक पट्टी लावत वाढायचे आणि तोवर स्लिपवे अडकून पडायचा. रिचमंडमध्ये तळाचे, बाजूंचे, डेकचे, केबिनचे भाग बाजूच्या मोकळ्या मैदानात आणि शेडमध्ये तयार होत आणि क्रेनने उचलून स्लिपवेवर बसवले जात. स्लिपवेवर उरायची ती फक्त जुळणी. जुन्या गोद्यांना ही मैदाने नव्हती. नव्याने वसलेल्या रिचमंडला होती.

दुसरा बदल वेल्डिंगचा. जुन्या पद्धतीत रिव्हेट ठोकण्यातच सुमारे एक तृतीयांश मजुरी जायची. वेल्डिंगने ती वाचली. शिवाय जमिनीवर भाग उलटा-सुलटा करून आडव्या स्थितीत वेल्डिंग करता येई. डोक्यावर हात ताणून करायच्या वेल्डिंगपेक्षा हे काम नवख्याला लवकर जमते.

तिसरा बदल कामाच्या वाटणीचा. पूर्ण कसबी कारागीर तयार व्हायला वर्षे लागतात. कामाचे बारीक तुकडे केले, तर एक तुकडा काही आठवड्यांत शिकवता येतो. त्यामुळे कधीही गोदी न पाहिलेली शेतमजूर, दुकानातली, घर सांभाळणारी माणसे तीन पाळ्यांत उभी करता आली.

या शिकण्याचे मोजमापही झाले. १९४५ मध्ये अ‍ॅलन सर्ल यांनी अमेरिकेतल्या गोद्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा असे दिसले की गोदीतून बाहेर पडलेल्या जहाजांची एकूण संख्या दुप्पट झाली की प्रत्येक जहाजामागचे मनुष्यतास १२ ते २४ टक्क्यांनी घटतात. यातला मधला, १८ टक्क्यांचा दर धरून गणित करा : पहिल्या जहाजाला १०० तास लागले असे मानले, तर ६४व्या जहाजाला साधारण ३० लागतील. अनुभवातून उत्पादकता कशी वाढते, हे शिकवताना अर्थशास्त्रात आजही लिबर्टी जहाजांचा दाखला दिला जातो.

पण या गणिताला दुसरी बाजू आहे. २००१ मध्ये अर्थतज्ज्ञ पीटर थॉम्प्सन यांनी जुने दप्तर पुन्हा उघडले. या सुधारणेतला मोठा भाग निव्वळ अनुभवाचा नव्हता, तो यंत्रे, क्रेन आणि जागा यांत सतत ओतलेल्या भांडवलाचा होता आणि वेगासाठी गुणवत्तेची थोडी किंमतही मोजावी लागली होती, असे त्यांनी दाखवले.

ती किंमत पोलादावर उमटली होती. युद्धानंतर चौकशी मंडळाने ४,६९४ वेल्डेड व्यापारी जहाजांचा आढावा घेतला. त्यांपैकी ९७० जहाजांना तडे गेले होते. आठ जहाजे गमावली, २६ माणसे दगावली. कारणे एकात एक गुंतलेली होती. त्या काळचे पोलाद थंड पाण्यात ठिसूळ होई. हॅचच्या, म्हणजे डेकवरून माल उतरवायच्या तोंडांच्या, चौकोनी कोपऱ्यांवर ताण साठे. रिव्हेटच्या जहाजात तडा पत्र्याच्या कडेला थांबे, वेल्डिंगच्या सलग सांगाड्यात तो पुढे धावे. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी तापमान आणि ठिसूळपणा यांचे नाते उलगडले आणि पुढच्या पिढीच्या जहाजांचे पोलाद त्या ज्ञानावर घडले. गोदीतल्या नवख्या वेल्डरांवर त्या काळी बराच दोष टाकला गेला. त्यांच्या हातून चुका झाल्याही, पण मूळ दुखणे पोलादात आणि आराखड्यात होते, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

९० हजार माणसे

ऐन भरात रिचमंडच्या गोद्यांत ९० हजारांवर कामगार होते. १९४०च्या शहराच्या एकूण लोकसंख्येच्या जवळपास चौपट माणसे नुसती कामावर. त्यांतल्या सुमारे २४,५०० स्त्रिया, म्हणजे २७ टक्के. प्रशांत किनाऱ्यावर कसबी कामगाराचा दर तासाला १.२० डॉलर ठरला होता. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतावर राबणाऱ्यांना एवढी मजुरी स्वप्नातही दिसत नव्हती. म्हणून टेक्सास, लुईझियाना, आर्कान्सा, ओक्लाहोमा या राज्यांतून माणसे आली.

घरे पुरेनात. माणसे ट्रेलरमध्ये, गाड्यांमध्ये राहिली. एकाच खाटेवर पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपली. मग सरकारने घाईघाईने हजारो तात्पुरती घरे उभारली. शहरभर पाळणाघरे निघाली. भराच्या काळात त्यांत रोज १,४०० मुले असत. २४,५०० स्त्रिया कामावर आणि पाळणाघरांत १,४०० मुले, हे प्रमाण मात्र तोकडे आहे. बाकीची मुले आजीकडे, शेजारणीकडे किंवा थोरल्या बहिणीकडे राहिली असणार. त्या बायकांचे आणि मुलींचे श्रम गोदीच्या कोणत्याही पगारपत्रकात दिसत नाहीत.

रिचमंडमध्ये १९४० मध्ये फक्त २७० कृष्णवर्णीय राहत होते, १९५० मध्ये १३,३७४. वाटा १ टक्क्यावरून १३ टक्क्यांवर गेला. गोदीत त्यांना काम मिळाले, पण बॉयलरमेकर या कामगार संघटनेने त्यांना पूर्ण सभासदत्व नाकारले आणि ए-३६ नावाच्या वेगळ्या, दुय्यम शाखेत बसवले. वर्गणी पूर्ण, अधिकार अपुरे. उपसागराच्या पलीकडच्या, सॉसालिटोच्या मरीनशिप गोदीतल्या कामगारांनी याविरुद्ध दाद मागितली. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९४४ मध्ये निकाल दिला : कामासाठी सभासदत्व सक्तीचे असेल, तर वर्णावरून ते नाकारता येणार नाही. निकाल न्याय्य होता. पण गोद्यांना तेव्हा जेमतेम वर्षभराचेच आयुष्य उरले होते.

गोदी का संपली?

तिचे काम कमी पडले म्हणून ती बंद पडली नाही. उलट तिने काम इतके पुरे केले की मागणीच उरली नाही. या गोद्यांना प्रत्यक्षात एकच गिऱ्हाईक होते, सरकार. खर्च सरकार भरून देई, वर ठरलेला मोबदला देई. शांततेच्या बाजारात खर्चाची स्पर्धा असते. तिला ही व्यवस्था कधी सामोरी गेलीच नव्हती.

त्यातच हजारो नवी जहाजे युद्ध संपताच एकदम मोकळी झाली. १९४६च्या कायद्याने ती विक्रीला निघाली. ग्रीक मालकांनी सरकारी हमीवर १०० लिबर्टी बांधणीखर्चाच्या साधारण एक तृतीयांश भावात घेतली आणि त्यांवर ग्रीसच्या युद्धोत्तर जहाजधंद्याची उभारणी केली. तयार जहाज एवढ्या स्वस्तात मिळत असताना नवे कोण बांधून घेणार? रिचमंडने जी जहाजे बांधली, तीच रिचमंडच्या पुढच्या कामाच्या आड आली.

कायझर पुढे मोटारी, अ‍ॅल्युमिनियम, पोलाद यांकडे वळले. भांडवलाला वळण घेता येते. माणसांना ते तितके सोपे नसते. स्त्रियांना सर्वांत आधी घरी पाठवले गेले. युद्धकाळातली घरे कायद्याने तात्पुरती होती, ती पन्नाशीच्या दशकात पाडली गेली. कृष्णवर्णीय कुटुंबांना दुसरे घर मिळणे अवघड होते. रिचमंडजवळच्या रोलिंगवूड या वसाहतीतली सरकारी पाठबळावर उभी राहिलेली सुमारे ७०० घरे करारानेच गोऱ्यांसाठी राखीव होती. १९५५ मध्ये फोर्डचा मोटार कारखानाही रिचमंड सोडून मिल्पिटासला गेला. १९५० ते १९६० या दशकात शहराने गमावलेल्या २७,६९१ माणसांच्या आकड्यामागे या साऱ्या गोष्टी आहेत.

काय टिकले?

गोदीतली सर्वांत टिकाऊ निर्मिती पोलादाची नव्हती. डॉ. सिडनी गारफिल्ड यांनी कायझर यांच्या कामगारांसाठी आगाऊ वर्गणीवर चालणारी आरोग्य योजना आखली होती. रिचमंडमध्ये तिची वर्गणी आठवड्याला सुमारे ५० सेंट होती. गोदीतले रुग्णालय ऑगस्ट १९४२ मध्ये सुरू झाले. कामगार पांगले तेव्हा योजना बंद करण्याऐवजी १९४५ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली गेली. आज ‘कायझर परमनंटे’चे सभासद १ कोटी २० लाखांहून अधिक आहेत. पहिल्या गोदीत ८७ दिवसांत बांधलेले ‘रेड ओक व्हिक्टरी’ हे जहाज १९९८ मध्ये रिचमंडला परतले आणि संग्रहालय झाले. २००० मध्ये तिथे आघाडीमागे राबलेल्या कामगारांचे राष्ट्रीय स्मारक-उद्यान स्थापन झाले. ए-३६ शाखेच्या कार्यालयात कारकून असलेल्या बेटी रीड सॉस्किन यांनी तिथे रेंजर म्हणून काम केले आणि वर्णभेदाची बाजू पाहुण्यांना न चुकता सांगितली. २०२२ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी त्या निवृत्त झाल्या.

१९४१ मध्येच, विशाखापट्टणममध्ये

हेन्री कायझर १८८२ मध्ये जन्मले. सोलापूरचे वालचंद हिराचंदही १८८२ चेच. दोघेही बांधकामाच्या कंत्राटातून वर आले, दोघेही मोटारी आणि जहाजे यांकडे वळले आणि दोघांच्याही गोद्या १९४१ मध्येच उभ्या राहू लागल्या. वालचंद यांच्या सिंदिया कंपनीच्या विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली. पण ब्रिटिश सरकारला भारतात नवी व्यापारी जहाजे बांधण्यात रस नव्हता. ६ एप्रिल १९४२ रोजी शहरावर जपानी बॉम्ब पडले आणि काम आणखी रखडले. पहिले जहाज ‘जलउषा’ १४ मार्च १९४८ रोजी पाण्यात उतरले. पायाभरणीपासून जलावतरणापर्यंत पावणेसात वर्षे गेली, तेवढ्या काळात रिचमंडच्या गोद्या उभ्या राहून ७४७ जहाजे देऊन संपल्याही होत्या.

भारतीय माणसाची कुवत कमी होती, असा याचा अर्थ नाही. फरक मागणीचा होता. एकाच्या पाठीशी सरकारची पक्की ऑर्डर आणि अमर्याद पोलाद होते. दुसऱ्याच्या पाठीशी परके सरकार होते आणि तेही पाठ फिरवून. मात्र विशाखापट्टणमची गोदी आज हिंदुस्थान शिपयार्ड या नावाने उभी आहे, जहाजे बांधते आणि दुरुस्त करते. रिचमंडच्या गोद्या इतिहासजमा झाल्या. एवढेच नव्हे, एकेकाळी वर्षाला हजारांवर जहाजे बांधणाऱ्या अमेरिकेचा जागतिक व्यापारी जहाजबांधणीतला वाटा आज एक टक्काही नाही.

हिशेबाचा निकाल

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी जहाजबांधणीचे धोरण आणले. आपल्या किनाऱ्यावर नव्या गोद्या येतील आणि त्या याव्यात, असे मला मनापासून वाटते. रिचमंडचे आकडे सांगतात की पक्की मागणी, मोकळी जागा आणि शिकवायची तयारी असेल, तर नवखी माणसेही थोडक्या काळात थोर काम करून दाखवतात. तेच आकडे हेही सांगतात की गिऱ्हाईक एकच असेल आणि ते उठून गेले, तर मालकाला दुसरा धंदा मिळतो, कामगाराला मात्र शहर सोडावे लागते.

म्हणून आपल्या किनाऱ्यावर जेव्हा एखाद्या गोदीचा प्रस्ताव येईल, तेव्हा ‘जहाजे किती बांधणार’ या प्रश्नाबरोबर आणखी तीन प्रश्न वाचकांनी, ग्रामसभांनी आणि आमदारांनी विचारावेत : सरकारी मदत थांबल्यावर दहाव्या वर्षी ऑर्डर कोण देणार? कामगारांची घरे कायमची असतील की तात्पुरती? आणि गोदी बंद पडली, तर तिथे राबलेल्या माणसांची जबाबदारी कोणाची? या तिन्हींची उत्तरे पायाभरणीच्या आधी कागदावर आली पाहिजेत.